पायातल्या राखणदारणी

भाताच्या रोवणीला सगळ्यांत आधी चिखलात उतरायचा मान आमच्या टोळीत माझा होता. तो मला कोणी दिला नव्हता, मी घेतला होता. सासूचे गुडघे गेले आणि ती बांधीवर, म्हणजे भाताच्या शेतात, यायची बंद झाली, त्या वर्षी मी कोणाला न विचारता पुढे झाले आणि मग पुढेच राहिले.

बांधी नांगरून चिखल तयार झाला की आम्ही बायका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या राहतो. पहिली बाई उतरते आणि चिखल तुडवत पलीकडच्या टोकाला जाते. बाकीच्या तिच्या पावलात पाऊल टाकत मागून येतात. मग सगळ्या वाकून पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, रोवत मागे मागे सरकतात. ओळ पहिलीने धरायची. तिची सरळ तर सगळ्यांची सरळ. वाकडी गेली तर शेताचा मालक धुऱ्यावरून ओरडतो, तोही पहिलीच्याच नावाने. मला ते आवडायचं. घरात माझ्या नावाने कोणी ओरडलं तर ते भाजीत मीठ जास्त झालं म्हणून. इथे निदान अख्ख्या बांधीवरून ओरडणं व्हायचं.

माझ्या मागची जागा धाकट्या जावेची. तिचा डोळा माझ्या जागेवर आहे, अशी माझी पक्की समजूत होती. दरवर्षी मृग लागला की ती घरी यायची, उंबऱ्यात बसायची आणि विचारायची, "बाई, तब्येत बरी हाय ना तुही?" मी म्हणायचे, बरी आहे, तुला पोचवून मग जाईन. ती हसायची. ते हसणं मला खोटं वाटायचं.

पाय गेला तो मोहफुलांच्या दिवसांत. पहाटे जंगलात फुलं वेचताना तोडलेल्या बांबूचा खुंट चपलेतून आरपार तळव्यात शिरला, अंगठ्याच्या मुळाशी. मी तो उपसला, पदर फाडून बांधला आणि टोपली भरूनच घरी आले. घरी हळद भरली. आमच्याकडे पायाला असं काही होतच असतं आणि भरूनही येतं. हे भरलं नाही. मोहाचा हंगाम संपला, तेंदूपत्त्याचा सुरू झाला, तरी तळव्यात भोक ते भोकच. वर जांघेत अवधान आलं, लिंबाएवढी गाठ. चालताना ती दुखायची की पाय दुखायचा हे मला सांगता येत नव्हतं, म्हणून मी दोन्हींना शिव्या द्यायचे.

शेवटी मुलगा मला गोंदियाला घेऊन गेला. डॉक्टर हिंदी बोलणारे, स्वभावाने चांगले. रक्त तपासलं, औषधं लिहिली आणि मला समजेल अशा आवाजात म्हणाले, "अम्मा, शुगर है। पैर संभालो, नहीं तो अंगूठा जाएगा।" मी विचारलं, रोवणीचं काय. मी सिनेमाला जाऊ का विचारल्यासारखं त्यांनी माझ्या मुलाकडे पाहिलं. मग म्हणाले, जखम पूर्ण भरेपर्यंत चिखलात पाय नाही.

मला अंगठ्याची माया नव्हती. पण चिखलात माणूस अंगठ्यावर उभं राहतं. अंगठा रुतवायचा, मग टाच. अंगठा नसलेली बाई पहिली उतरू शकत नाही, दुसरीही नाही. ती धुऱ्यावर बसून पऱ्ह्यांच्या जुड्या सोडते आणि लोकांची लेकरं राखते. मला लेकरं राखायची नव्हती. रोवणीच्या आत पाय भरला पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्याच उन्हाळ्यात माझ्या मुलीची मुलगी सुट्टीत आली. ती पुण्याला एका प्रयोगशाळेत शिकत होती. काय शिकते ते तिच्या बापालाही सांगता येत नव्हतं; तो नुसतं "मोठं आहे" म्हणायचा. तिने आल्या आल्या माझी पट्टी आपल्याकडे घेतली. गरम पाणी, साबणाने धुतलेले हात, दवाखान्यातला कापूस, सगळं शिस्तीत. पट्टी बदलायची वेळ झाली की जाऊ हजर. उकिडवी बसून भोकात वाकून बघायची आणि माझ्याआधी विचारायची, कधी भरणार. मला वाटायचं, ही रोवणीचे दिवस मोजते आहे.

एकदा मी नातीला विचारलं की हे अवधान कशाचं, जखम पायाला आणि गाठ जांघेत का. तिला तेच हवं होतं. ती मांडी घालून बसली. म्हणाली, गाठ म्हणजे ठाणं समज. शरीरात जंतू शिरले की त्यांचा एखादा तुकडा उचलून या ठाण्यात आणतात. तिथे टी-पेशी नावाच्या शिपायांना तो दाखवतात. ज्याला तो चेहरा ओळखू येतो, त्याची मग पलटण तयार होते आणि ती पलटण जखमेवर निघते. यात बरेच दिवस जातात.

"तोवर चोर काय बसून राह्यते?" जावेने विचारलं.

नात म्हणाली, तेच तर ती शिकते. काही टी-पेशी ठाण्यात बसतच नाहीत. त्या कातडीत, आतड्यात, फुप्फुसात, यकृतात आधीपासून मुक्कामाला असतात. त्यांना कोणी चेहरा दाखवावा लागत नाही आणि वरून हुकूमही लागत नाही. त्यांची रीत वेगळी आहे म्हणून शास्त्रज्ञ त्यांना रीतीबाहेरच्या म्हणतात.

रीतीबाहेरच्या म्हटल्यावर मी पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. आमच्याकडे हा शब्द बाईसाठी वापरला तर भांडण होतं. पण ती कौतुकाने बोलत होती. मी विचारलं, चेहरा पाहिला नाही तर चोर ओळखतात कसा.

तिने दाराबाहेर बोट दाखवलं आणि म्हणाली, "आजी, समोरचं घर बंद आहे. घरातले सगळे नागपूरला गेलेत. आणि छपरातून चुलीचा धूर निघाला, तर तू काय समजशील?"

"आत कोणीतरी शिरलं."

"चेहरा पाहिलास का?"

नव्हता पाहिला. ती म्हणाली, जंतूंचं तसंच आहे. काही जंतू स्वतःसाठी एक जीवनसत्त्व रांधतात. आपल्या शरीराला ते रांधता येत नाही, आपण ते खाण्यातून घेतो. म्हणून त्या रांधण्याचा धूर आपल्या अंगात कुठे निघाला, की या पेशींना कळतं की घरात परका आहे. काहींना धूर कळतो, काहींना जंतूंची चरबी कळते, काही तर आपल्याच कातडीची तळमळ ओळखतात. आणि ओळखलं की लगेच कामाला लागतात. जंतूंना अडवतात, बाकीच्यांना हाक मारतात. वर कातडीला सांगतात की आता विणायला घे, भोक बुजव.

हे मला पटलं. शिपाई आला, पंचनामा करून गेला आणि मोडलेलं दार आपणच लावलं, असं आजवर पाहिलं होतं. चोर हाकलून दारही दुरुस्त करणारा राखणदार मी पाहिला नव्हता. त्यामुळे मी म्हटलं, त्या राखणदार नसतील, राखणदारणी असतील. नात म्हणाली, चालेल.

जाऊ मात्र अजून भोकाकडेच बघत होती. ती अशी बघते तेव्हा काहीतरी शिजत असतं. तिने हळूच विचारलं की असले रांधणारे जंतू आपल्या खाण्यातही असतात का. नात पट्टीची गाठ मारत होती. सहज म्हणाली, असतात की, आंबलेल्या कशातही असतात, तुमच्या बासीतसुद्धा असतील. बासी म्हणजे आम्ही रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवतो आणि सकाळी मीठ-कांद्याशी खातो, ते. नात कापूस गोळा करून उठली आणि विसरली. जाऊ विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी नात आपल्या बापाकडच्या लोकांना भेटायला तिरोड्याला गेली. जाऊ दुपारी आली. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी ओलं. तिचं म्हणणं साधं होतं. माझ्या पायात राखणदारणी आहेत, पण झोपल्या आहेत. त्यांना धूर दिला तर जाग्या होतील. चांगली दोन रात्रींची बासी आणली आहे, आंबट. मी म्हटलं, तुला पुण्याच्या पोरीपेक्षा जास्त कळतं का. ती म्हणाली, "पोरगीच तं सांगून राहिली व्हती. मी का माह्या मनानं आणली?"

मी बांधू दिलं. खोटं कशाला लिहू, गार लागलं. तळव्याची आग होत होती आणि त्या भाताने ती शमली. जावेने वर आणखी एक फडकं गुंडाळलं, पाय उशीवर ठेवला आणि गावदेवी मातामायला घालतात तसा मला वारा घातला. मी झोपले.

जाग आली ती मुंग्यांनी. लाल मुंग्या, रांग करून, खाटेच्या पायावरून चढून, माझ्या पोटरीवरून थेट भाताकडे. काही भात घेऊन परत निघाल्या होत्या, काही नवीन येत होत्या आणि मधल्यामधे ज्यांना कंटाळा आला त्या मला चावत होत्या. मी ओरडले. जाऊ धावत आली आणि घाबरून तिने पायावर घागरभर पाणी ओतलं. मग खाट ओली, गादी ओली, भात घरभर, आणि मुंग्या पोहत पोहत सुनेच्या तांदळाच्या डब्याकडे. सून आली. नुसती झाडू घेऊन उभी राहिली. ते शिव्यांपेक्षा वाईट होतं.

मुलगा मला लगेच गोंदियाला घेऊन गेला. डॉक्टरांनी पट्टी सोडली. जखमेच्या कडेला भाताची दोन शितं राहिली होती आणि त्यांत एक मेलेली मुंगी. त्यांनी चिमट्याने ती उचलली, उजेडात धरली आणि विचारलं, "अम्मा, ये पैर है कि टिफिन?"

मी म्हटलं, जावेने बांधलं. ते म्हणाले, जावेलाही घेऊन या, तिला सुई टोचतो. मग त्यांनी जखम इतकी घासून धुतली की मला सासू आठवली. पाय आणखी लाल झाला होता, औषध वाढवलं. अंगठ्याचं काही सांगता येत नाही म्हणाले.

परत आलेल्या नातीला सुनेनेच सगळं सांगितलं, मीठ-मसाला लावून. मला वाटलं पोरगी रडेल. ती आधी हसली, मग रागावली. जावेला समोर बसवून म्हणाली, काकी-आजी, बंद घरात धूर नाही म्हणून तू घरालाच आग लावलीस. जखमेत राखणदारणींना पुरेसे जंतू आहेत, तू बैलगाडीभर आणखी पाठवलेस. जाऊ मान खाली घालून फरशीवर बोटाने रेघा काढत होती. तेवढ्यात नात थांबली आणि म्हणाली की तो धूरच शुद्ध करून, मोजून जखमेवर द्यावा का, यावर उंदरांवर प्रयोग करणारे लोक आहेत, म्हणजे कल्पना अगदीच वेडी नाही. जावेची मान लगेच वर. नात म्हणाली, "पण भात नाही." मान पुन्हा खाली.

मग मी मुद्द्याचं विचारलं. राखणदारणी घरातच आहेत, हुकूम लागत नाही, चोर समोर आहे. मग इतके दिवस माझं भोक का बुजत नाही?

ती म्हणाली, साखर. रक्तात साखर फार झाली की त्या सुस्त होतात. जागेवर असतात, पण हाक मारली तरी उठत नाहीत. हे मला तिने समजवायची गरज नव्हती. आमच्या तलावावर मासे राखायला ठेवलेला एक गडी होता. मोहाची घेतली की जागेवरच असायचा, कंदील शेजारी, काठी हातात, आणि लोक त्याला ओलांडून जाळं टाकायचे.

म्हणजे आता साखर बंद. घरात मी चहात साखर घेत नव्हतेच, सून बघत असायची. पण मी दिवसभर घरात बसणारी बाई नाही. लंगडत का होईना, चार घरी जाऊन यायचे. आमच्या गावात चहा म्हणजे पाक. चमचा उभा राहील एवढी साखर घातली नाही तर पाहुण्याचा अपमान होतो आणि नाही म्हटलं तर घरवालीचा. मी कोणाचा अपमान करत नव्हते.

जावेने ते काम हातात घेतलं. भाताचं पाप फेडायचं असेल, असं मला वाटलं. ती माझ्या आधी प्रत्येक घरी जाऊन सांगून आली की बाईला साखर दिली तर बाईचा पाय तोडतील आणि तो पाय तुमच्या दारात आणून ठेवीन. त्यानंतर मी ज्या घरी जाईन तिथे काळा, कडू, कोमट चहा. एका म्हातारीने तर नुसतं गरम पाणी दिलं आणि म्हणाली, "पी बाई, तुही जाऊ खिडकीतून पाहून राहिली असन." मी वळून पाहिलं. होती.

मी चिडले. तिला रस्त्यात धरून विचारलं की माझ्या मागे का लागली आहेस, मी मेले तर तुला पहिली जागा मिळेल, मग मला जगवतेस कशाला. ती खाली वाकली. माझ्या पायाकडे बघत म्हणाली, "पट्टी ढिली झाली तुही." आणि गेली.

पण पायाची सूज उतरू लागली. आधी अवधान गेलं. मग भोकाच्या कडेला गुलाबी कातडी धरली, तान्ह्या लेकराच्या टाचेसारखी. नात रोज बॅटरी घेऊन बघायची आणि म्हणायची, बघ, विणायला बसल्या. डॉक्टरांची औषधं, साखर बंद, धुतलेले हात, सगळ्यांचंच ते काम होतं. पण मला कडू चहा पिताना राखणदारणींचीच आठवण यायची. मी त्यांना मनात सांगायचे, बायांनो, आता तरी उठा, तुमच्यासाठी मी हे पिते आहे. नात पुण्याला गेली तेव्हा भोक वाटाण्याएवढं राहिलं होतं.

पाऊस पडला, चिखल झाला, रोवणीचा पहिला दिवस ठरला. वाटाणा मुगाएवढा झाला होता, बुजला नव्हता. आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "अंगूठा बच गया, अम्मा। लेकिन कीचड़ में अभी नहीं।" मी खूप विनवलं. ते म्हणाले, पुढच्या वर्षी.

सकाळी मी तरीही धुऱ्यावर गेले. चप्पल आणि वर प्लास्टिकची पिशवी बांधून, लंगडत. बायका जुड्या घेऊन उभ्या होत्या, मालक छत्री घेऊन. मला सगळ्यांसमोर जागा सोडायची होती. ती कोणी माझ्याकडून काढून घेतली असं व्हायला नको होतं. मी जावेला म्हटलं, "घे. मनासारखं झालं तुह्या. जाय पयली."

जाऊ हलली नाही. मी पुन्हा म्हटलं. ती एक पाऊल मागे सरकली आणि तिच्या मागच्या बाईला म्हणाली, तू जा. ती म्हणाली, माझी कंबर. तिने आणखी मागचीला ढकललं. ती म्हणाली, मी नवीन आहे. अशी ती जागा सगळ्या रांगेतून फिरली आणि कोणी घेतली नाही. मालक ओरडायला लागला की चिखल वाळतो आहे. कोणाच्या नावाने ओरडावं हे त्याला कळेना, म्हणून तो नुसताच ओरडत होता.

मी म्हटलं, हे काय नाटक आहे. तेव्हा जाऊ बोलली.

"नाटक कायचं, बाई? पयली उतरते तिच्याच पायात काच लागते. काटा तिले, जळू तिले, पानसाप निंगला तं तिच्याच पायाखाली. वरून मालकाच्या शिव्या तिलेच. आमी तुह्या पावलात पाऊल ठेवून जातो, आमाले काही नाही होत. कोण घेईन ते जागा?"

मी विचारलं, मग दरवर्षी माझी तब्येत काय म्हणून विचारत होतीस.

"तू पडली तं मले जा लागन म्हून." मग आणखी रागाने म्हणाली, "नाही तं कायले तुह्या पायाले भात बांधला असता मी?"

बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. सगळ्यांना माहीत होतं. इतकी वर्षं मी ज्या जागेला जपत होते, तिच्याकडे कोणी पाहतही नव्हतं. मला वाईट वाटलं असतं, पण मालक आता छत्रीने माझ्याकडे बोट दाखवत होता, त्यामुळे वेळ नव्हता. मी जावेच्या पाठीत हात घालून तिला चिखलात ढकललं.

ती गेली. प्रत्येक पावलाला देवाचं नाव घेत, एक पाय टाकून दुसरा उचलायच्या आधी पाणी निरखत. बुडबुडा दिसला की थांबायची. पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत मालकाचं पान खाऊन झालं. त्या दिवशीची ओळ बैल चालता चालता मुततो तशी गेली. मी धुऱ्यावर बसून सगळं सांगत होते, डावीकडे घे, वाक, झोपलीस का. ती वाकल्या वाकल्याच मला म्हणाली की तोंडाने रोवता येत असतं तर एव्हाना तालुका रोवून झाला असता.

मूग दिवाळीच्या आत बुजला. तिथे आता थोडी खोल, चकचकीत खूण आहे.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी पायाला हात लावून पाहिलं आणि जा म्हणाले. मी धुऱ्यावर गेले तेव्हा रांगेतल्या बायका आपोआप बाजूला झाल्या, जाऊ तर सगळ्यांत आधी. आता मी लगेच उतरत नाही. पदर खोचते, सोडते, पुन्हा खोचते. तंबाखू मळते. आभाळ बघते. मालक ओरडला तर ओरडू देते. त्या सगळ्या जुड्या हातात घेऊन मुकाट उभ्या असतात, एकीची हूं की चूं करायची हिंमत नसते. मग माझ्या मनाला आलं की मी उतरते.